सातव्या मजल्याचे सेक्रेटरी

मुंबईतल्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत असा एक माणूस असतो, ज्याला निवडणुकीत कोणी उभं करत नाही आणि कोणी पाडतही नाही. तो सेक्रेटरी असतोच. मुदत संपो, प्रशासक येवो, अख्खी इमारत पुनर्विकासाला जावो. जिन्यात भेटला की लोक गळक्या टाकीबद्दल त्यालाच विचारतात. अशा माणसाला मुलं कधीतरी लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुंबई–लक्षद्वीप क्रूझवर पाठवतात. खाणंपिणं, करमणूक, सगळं पॅकेजमध्ये. बाबांनी फक्त आराम करायचा. मुलांचा हेतू चांगला असतो. सुनांचा त्याहून चांगला.

आमच्या समोरच्या केबिनमध्ये असे एक सेक्रेटरी उतरले होते. सगळे त्यांना सेक्रेटरीच म्हणत, वहिनीसुद्धा.

बॅलार्ड पिअरला सामान तपासणीच्या यंत्रातून गेलं, तेव्हा त्यांच्या बॅगेतून इस्त्री, चहाची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड निघाला. बोटीवर आगीइतकी धास्ती कशाचीच नसते, म्हणून तापणाऱ्या वस्तू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. बाकीचे प्रवासी अशा वेळी हुज्जत घालतात. सेक्रेटरींनी शांतपणे पावती मागितली. पावतीवर सही आहे पण शिक्का नाही, हे निदर्शनास आणून दिलं. शिक्का येईपर्यंत आम्ही सगळे रांगेत उभे. पुढे तीनही वस्तू उतरताना परत मिळतात असं कळल्यावर ते थोडे खट्टू झाले. पाठपुराव्याला वावच राहिला नाही.

बोट सुटण्याआधी मस्टर ड्रिल होतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. २०१२मध्ये ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तोवर ते २४ तासांत उरकलं तरी चालायचं. २०१५पासून सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घ्यावं लागतं. लोक मात्र ते हातात वेलकम ड्रिंक धरून, सेल्फी काढत करतात. आमच्या गटात तसं झालं नाही. सेक्रेटरींनी हजेरी घेतली. ते काम एका गणवेशातल्या मुलीचं होतं आणि तिच्या हातात यंत्रही होतं. पण यंत्राने कार्ड वाचायच्या आत सेक्रेटरी नाव पुकारत आणि समोरच्याला “हजर” म्हणावंच लागे. एक जण मसाजला गेला होता. त्याला टॉवेलसकट बोलावून आणलं.

कुलाब्याचं प्रॉन्ग्ज दीपगृह मागे पडलं, मोबाइलची रेंज गेली आणि रात्री बोट डुलू लागली. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंना डोलणं कमी करणारी पाती असतात. पण ती कमी करतात, बंद नाही. जेवणाच्या हॉलमधून माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. सेक्रेटरी मात्र आल्याच्या वड्या आणि अ‍ॅव्होमिनचं पाकीट घेऊन दारोदार फिरत होते. मधल्या आणि खालच्या केबिनांना हेलकावे कमी, टोकाच्या आणि वरच्यांना जास्त, ही माहिती त्यांनी पहिल्याच फेरीत काढली होती. म्हणजे बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना बोट जास्त लागते. यात त्यांना काहीतरी न्याय दिसला असावा, कारण वरच्या मजल्यांवर वड्या गेल्या नाहीत.

दुसरा दिवस नुसता समुद्राचा. कुठे थांबा नाही, चहूकडे पाणी. लोक सकाळी इडलीच्या रांगेत, दुपारी तंबोलाच्या रांगेत. सेक्रेटरी पाहणीला निघाले. आमची केबिन सांभाळणारा मुलगा मालवणचा. त्याला त्यांनी गाठलं.

“पाणी किती ते किती येतं?”

“चोवीस तास, साहेब.”

“टँकर?”

मुलगा हसला. समुद्राचंच पाणी बोटीवर गोडं करून घेतात, काही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, काही दाबाने पडद्यातून गाळून, असं त्याने समजावलं. सेक्रेटरी ऐकत राहिले. बूस्टर पंप नाही, व्हॉल्व्हवाला नाही, शेवटच्या मजल्याची तक्रार नाही. त्यांनी बाथरूमचं छत बोटांनी वाजवून पाहिलं. ओल नव्हती. वरच्या केबिनच्या नावे लिहायला घेतलेलं पत्र घडी घालून खिशात गेलं.

“साहेबानू, हयसर काय एक करूचा नाय,” मुलगा म्हणाला. “खावा नि झोपा.”

इतकी कठोर शिक्षा त्यांना कोणी सुनावली नसेल. रात्रभर टणक राहिलेल्या या गृहस्थांना समुद्र शांत झाल्यावर, भर दुपारी, बोट लागली. ते पांढरे पडले. वहिनींनी वडी पुढे केली, ती नाकारली. शेवटचा प्रयत्न म्हणून ते रिसेप्शनवर गेले. बिलात माणशी सर्व्हिस चार्ज दिसत होता. म्हणजे मेंटेनन्स, हे त्यांनी मान्य केलं. मग खड्या आवाजात विचारलं, “यात सिंकिंग फंड धरलाय का?” मागे रांगेत उभ्या असलेल्या एक काकू मटकन खाली बसल्या. मॅनेजर आला. सेक्रेटरी त्याला समजावत होते की हा इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा निधी असतो, आणि मॅनेजर हात जोडून म्हणत होता की कृपा करून तो शब्द परत उच्चारू नका.

त्यांना वाचवलं ते संध्याकाळच्या उन्हाने. तरणतलावाकडेच्या खुर्च्या पाहायला गेले, तर सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल आणि एकाही टॉवेलावर माणूस नाही. पहाटे उठून टॉवेल टाकायचे, नाश्ता करायचा, झोपायचं आणि चारला येऊन बसायचं, हा खेळ जगभरच्या क्रूझवर चालतो. सेक्रेटरींनी तो क्षणात ओळखला. पार्किंग! चेहऱ्यावर रक्त आलं. मला त्या टॉवेलवाल्यांची मनापासून कीव आली.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा, तर बोटीवरचं वाय-फाय विकतचं. पण केबिनचे दरवाजे पोलादी असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. भेटवस्तूंच्या दुकानातून फ्रिजवर लावायचे डझनभर नारळी-पोफळी आणि डॉल्फिन आले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सातव्या मजल्याच्या दारादारावर डॉल्फिनखाली नोटीस होती: ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, खुर्च्यांच्या वाटपाबाबत विशेष सर्वसाधारण सभा सायंकाळी ५ वाजता डेकच्या मागील बाजूस घेण्यात येईल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल.’

पाचला सात जण आलो. त्यातले दोघे पाणीपुरीच्या स्टॉलची चौकशी करत आले होते. सभा रीतसर तहकूब झाली. साडेपाचला पुन्हा तेच सात, आणि सेक्रेटरींनी कामकाज सुरू करण्यासाठी घसा खाकरला, तोच आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले पार्ल्याचे एक गृहस्थ उठले.

“पॉइंट ऑफ ऑर्डर. केबिनच्या टीव्हीवर बोटीचा वेग १८ नॉट दाखवतात. म्हणजे गेल्या अर्ध्या तासात आपण ९ सागरी मैल पुढे आलो. सुमारे सोळा-सतरा किलोमीटर. नोटिशीत ‘त्याच ठिकाणी’ म्हटलं आहे. ही सभा बेकायदा आहे.”

कोणी हसलं नाही. सेक्रेटरी त्यांच्याकडे पाहत राहिले. बोटीवर चढल्यापासून इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून ते वरच्या केबिनच्या नावे लिहिलेलं पत्र काढलं, त्याची कोरी बाजू वर केली आणि पेनाचं टोपण उघडलं.

“हरकत नोंदवून घेतो,” ते म्हणाले. “नाव, केबिन नंबर आणि अक्षांश-रेखांश सांगा.”