झाकली मूठ

मोटारसायकलच्या हँडलच्या दोन टोकांना जी रबरी नळकांडी चढवलेली असतात आणि ज्यांना दुकानात ग्रिप व घरात मूठ म्हणतात, ती म्हणजे चालक आणि यंत्र यांच्यातील सर्वांत निकटचा आणि सर्वांत दुर्लक्षित संबंध होय. सीटशी येणारा संबंध निदान कापडाआडून येतो. मुठीला मात्र तळहात थेट भिडतो, आणि जूनचा पाऊस, मेचा घाम व वडापावच्या कागदातून झिरपलेले तेल यांची नोंद ती वर्षानुवर्षे विनातक्रार ठेवत जाते. कालांतराने तिच्यावरची नक्षी झिजते, रबर चिकट होते आणि ऑफिसात पोहोचलेल्या सद्‌गृहस्थाच्या तळव्यावर असा काळा ठसा उमटतो की, हस्तांदोलनाच्या प्रसंगी त्याला दुरून नमस्कार करणे अधिक संस्कृतीला धरून वाटू लागते. अशी मूठ बदलावी, याविषयी जाणकारांत मतभेद नाहीत; मतभेद आहेत ते तिला कोणी हात लावावा याविषयी.

येथे एका संज्ञेची व्याख्या करणे आवश्यक आहे. ज्याच्याकडे पान्यांचा संच असतो परंतु नेमका हवा तो पाना नसतो, ज्याने यंत्रशास्त्राचे अध्ययन मोबाइलच्या पडद्यावर, तेही दुप्पट वेगाने, केलेले असते, आणि ज्याची कार्यशाळा सोसायटीच्या पार्किंगमध्ये केवळ रविवारी सकाळी भरते, अशा गृहस्थास प्रस्तुत लेखात ‘गृहयांत्रिक’ म्हटले आहे. काटकसर हे त्याच्या उद्योगाचे कारण असते, हा समज वरवरचा होय. कारण मूठ बसवण्याची गॅरेजमधील मजुरी वाचवण्यासाठी तो त्या मजुरीच्या कित्येक पट किमतीची हत्यारे विकत आणतो आणि त्यातील निम्मी पुढील दसऱ्यापर्यंत, म्हणजे त्यांच्यावर झेंडूचे फूल वाहण्याची वेळ येईपर्यंत, पिशवीतून बाहेर काढत नाही. खरे कारण अविश्वास हे आहे. मेस्त्रीच्या हाताखालचा पोरगा आपल्या गाडीचे आटे घालवील, म्हणजे बोल्टाच्या अंगावरील मळसूत्री खाचा वेडावाकडा जोर लावून पुसून टाकील, अशी धास्ती त्याने मनाशी बाळगलेली असते. आणि आटे जायचेच असतील तर ते मालकाच्या हातून जावेत, हा त्याचा स्वामित्वहक्काचा सिद्धांत असतो.

पुण्यातील गृहयांत्रिकाची पहिली यात्रा नाना पेठेत निघते, जेथे दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने इतक्या दाटीने उभी आहेत की, हवा तो भाग मिळण्यापेक्षा गाडी लावायला जागा मिळणे हा अधिक दुर्मीळ योग मानावा लागतो. घरी परतल्यावर त्याला पहिला शास्त्रीय धक्का बसतो तो असा की, जोडी म्हणून घेतलेल्या मुठी जोडीच्या नाहीत. बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलच्या नळीचा बाह्य व्यास मुठीच्या जागी 22 मिलिमीटर असतो आणि डावी मूठ थेट त्या नळीवर बसते; उजवी मूठ मात्र त्याच नळीवर सैलपणे फिरणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, जी पिळली असता इंजिनाला ‘रेस’ मिळते, आणि म्हणून उजव्या मुठीचे भोक काही मिलिमीटरनी मोठे ठेवावे लागते. हे ज्याला ठाऊक नसते तो मोठ्या भोकाची मूठ डावीकडे घालतो, ती गरगर फिरते. छोट्या भोकाची उजवीकडे घालू पाहतो, ती जात नाही. मग ग्राहक न्यायालयापर्यंतची भाषा मनात जुळवत तो पुन्हा नाना पेठ गाठतो, आणि काउंटरमागचा माणूस एक शब्दही न बोलता त्याच्या दोन हातांतील दोन मुठींची अदलाबदल करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

जुनी मूठ काढण्याबाबत तीन संप्रदाय प्रचलित आहेत. पहिला कापणाऱ्यांचा, त्यात पात्याने मूठ उभी चिरून सोलली जाते, आणि उजव्या बाजूस पाते जरा खोल गेल्यास खालची प्लॅस्टिकची नळीही सोलली जाऊन खर्चाला नवी दिशा मिळते. दुसरा हवा भरणाऱ्यांचा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे तोंड मुठीच्या कडेखाली सरकवले की रबर क्षणभर फुगते आणि मूठ आपसूक हातात येते, मात्र ही रीत इतकी सोपी व स्वस्त आहे की स्वाभिमानी गृहयांत्रिक तिच्याकडे फिरकत नाही. तिसरा, आणि सर्वांत लोकप्रिय, संप्रदाय घसरवणाऱ्यांचा होय. त्याचे आराध्यदैवत म्हणजे डब्ल्यूडी-40 नावाचा निळा-पिवळा डबा, जो 1953 साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे अग्निबाणांच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी सिद्ध झाला आणि ज्याच्या नावातील आकडा हा चाळिसाव्या प्रयत्नाला यश आल्याची खूण आहे, असे त्याचे निर्माते सांगतात. या द्रवाने जुनी मूठ लीलया सुटते, यात शंका नाही; अडचण एवढीच की ज्या गुणाने ती सुटते तोच गुण नळीवर मागे राहतो, आणि त्यावर चढवलेली नवी मूठ भर रस्त्यात फिरू लागते. डावीकडे असे घडल्यास ते हास्यास्पद असते; उजवीकडे घडल्यास चालक रेस पिळतो, मूठ पिळली जाते आणि मोटारसायकल आहे त्याच वेगाने आपल्या विचारांत मग्न राहते.

म्हणून नळी पुसून कोरडी ठणठणीत करून, मुठीच्या आत थोडे स्पिरिट किंवा करोनाकाळापासून कपाटात पडून असलेले पातळ सॅनिटायझर ओतून, एका दमात मूठ आत रेटावी, हा शहाणपणाचा मार्ग होय. कारण स्पिरिट आधी घसरवते आणि मग उडून जाते. ही क्रिया कासाराने साबण लावून मनगटावर तंग बांगडी चढवण्यासारखी असते, फरक इतकाच की कासार मध्येच थांबून फोन घेत नाही. जे डिंक वापरतात त्यांच्यापुढे आणखी एक संकट उभे असते. डिंक अवघ्या काही सेकंदांत धरू लागतो, आणि अर्ध्यावर अडकलेली मूठ ना आत जाते ना बाहेर येते, अशा अवस्थेत गृहयांत्रिक दोन्ही हातांनी हँडलला लोंबकळलेला आढळतो. त्या वेळी जिन्यावरून उतरणारे निवृत्त शेजारी, “कापून काढायची होती हो,” असे सांगून भाजी आणायला निघून जातात. मूठ पुरती बसल्यावर उजवीकडे मूठ आणि हँडलच्या टोकाला बसवलेले वजन यांत किंचित फट ठेवावी लागते, नाहीतर दोन्ही एकमेकांना घासून रेस सोडल्यावरही सुटत नाही. परंतु फट दिसायला बरी दिसत नाही या कारणास्तव ती बुजवणारेही सापडतात.

इथवर जे घडले त्याचा विशेष असा की, या कामात चुकांना क्षमा आहे आणि ताकदीला बक्षीस आहे. खरा घोटाळा येथूनच सुरू होतो, कारण मूठ बसल्याने आलेला आत्मविश्वास मुठीपुरता राहत नाही. तो चार बोटांवर असलेल्या ब्रेकच्या लिव्हरवर जाऊन बसतो, आणि ब्रेकच्या क्षेत्रात नेमके उलटे नियम चालतात.

हाताने दाबायचा डिस्क ब्रेक सर्वसामान्य मोटारसायकलवर आणण्याचे श्रेय सहसा होंडाच्या 1969 सालच्या सीबी 750 या गाडीला दिले जाते. त्याची रचना सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती पास्कल याच्या नियमावर उभी आहे. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब त्यात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा तो नियम. लिव्हर दाबली की हँडलवरील छोट्या डबीतला, म्हणजे मास्टर सिलिंडरमधला, दट्ट्या द्रव ढकलतो आणि चाकाजवळील कॅलिपरमधला मोठा दट्ट्या, दाब तोच पण क्षेत्रफळ अधिक असल्यामुळे, ब्रेक पॅड कितीतरी जास्त जोराने तबकडीवर आवळतो. म्हणजे सगळी करामत दोन क्षेत्रफळांच्या गुणोत्तराची आहे, आणि गृहयांत्रिक त्या गुणोत्तराला ‘अपग्रेड’ या नावाखाली हात घालतो. मोठे ते चांगले, ही त्याची धारणा फ्रिजपासून टीव्हीपर्यंत सर्वत्र खरी ठरलेली असल्यामुळे तो शर्यतीच्या गाडीवर शोभणारा मोठ्या दट्ट्याचा मास्टर सिलिंडर मागवतो. आता मूळ दट्ट्याचा व्यास अर्धा इंच आणि नव्याचा पाच अष्टमांश इंच धरला, तर नव्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक भरते. परिणामी बोटांचा जोर, लिव्हरची लांबी आणि कॅलिपर तेच राहिल्यास द्रवातला दाब आधीच्या सुमारे 64 टक्केच उरतो. लिव्हर दगडासारखी घट्ट लागते, गाडी थांबायला अधिक जोर लागतो, आणि मालक त्या घट्टपणाला ‘फील’ म्हणतो. पदरचे पैसे मोजून ब्रेक कमजोर करून घेण्याचा हा व्यवहार अर्थशास्त्रात कोठे बसतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

जोडणीच्या तपशिलात फार शिरण्याचे कारण नाही. नळीचे टोक डबीला जोडणारा पोकळ बोल्ट दोन कंपन्यांचा जाडीने सारखाच, 10 मिलिमीटरचा, पण आट्यांच्या अंतराने वेगळा असू शकतो, आणि तरीही तो दीड फेरा आत जातो व मग रुसतो. अशा वेळी जोर लावण्याची जी प्रेरणा होते ती मुठीच्या यशातून आलेली असते. त्या बोल्टाखालचे तांब्याचे वायसर दर खेपेस नवे घालावेत, हे सर्वांना माहीत असते आणि जुनेच उलटे करून घालणे सर्वांना परवडते. ब्रेकच्या दिव्याचे बटण जुन्या डबीवरच राहून गेल्याचे मात्र मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या भाषेतूनच कळते.

या सर्व प्रकरणाचा मेरुमणी म्हणजे एअर काढणे. नळ्या सुट्या केल्या की द्रवात हवा शिरते. द्रव दाबला जात नाही पण हवा दाबली जाते, त्यामुळे लिव्हर स्पंजासारखी मऊ होऊन थेट नव्या मुठीला येऊन टेकते. ती हवा कॅलिपरवरच्या बारीक निपलमधून बाहेर काढण्यासाठी मेडिकलच्या दुकानातून सलाइनची नळी आणावी लागते आणि, त्याहून कठीण म्हणजे, घरातील दुसरी व्यक्ती आणावी लागते. एकाने लिव्हर दाबून धरावी, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा, आणि त्यानंतरच पहिल्याने लिव्हर सोडावी, असा क्रम असून ‘दाब, धर, सोड’ या तीन आज्ञांवर तो चालतो. ‘धर’ आणि ‘सोड’ यांच्यामधला काळ किती, याविषयी पती-पत्नींत किंवा पिता-पुत्रांत जे मतभेद होतात त्यांची मुळे बहुधा मोटारसायकलपेक्षा जुनी असतात. निपल उघडा असताना मदतनिसाने लिव्हर सोडली की बाहेर आलेली हवा परत आत जाते आणि सर्व विधी आरंभापासून करावा लागतो. दरम्यान वरून जेवायला बोलावणे येऊन गेलेले असते. ज्या गाडीला एबीएस आहे, आणि 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या दुचाकींना ते भारतात सक्तीचे आहे, तिच्या पंपात अडकलेली हवा तर ‘दाब, धर’ला दाद देतेच असे नाही, काही गाड्यांना त्यासाठी कंपनीचा संगणकच जोडावा लागतो.

ज्याला सर्वजण ब्रेक ऑइल म्हणतात तो द्रव मुळात तेलच नव्हे. डॉट 3 आणि डॉट 4 या नावांनी विकले जाणारे प्रकार ग्लायकॉल वर्गातील असून ते हवेतील ओलावा शोषून घेतात व रंग खातात. टाकीवर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले नाहीत तर तेथे त्या रविवारचे स्मारक उभे राहते. डॉट 4 कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये आणि ओलावा पुरेसा शिरल्यावरही किमान 155 अंशांपर्यंत तग धरावा, असे मानक आहे. या दोन आकड्यांमधला फरक ताम्हिणी घाट उतरताना कळून येतो, कारण तापलेल्या ब्रेकमध्ये द्रवातल्या पाण्याची वाफ झाली की लिव्हर पुन्हा स्पंज होते. तथापि उरलेली अर्धी बाटली फेकून देणे मराठी गृहस्थधर्मात बसत नसल्यामुळे ती बूच अर्धवट लावून माळ्यावर, उरलेल्या डिस्टेंपरच्या शेजारी, पुढील पावसाळ्याच्या दमटपणात मुरत ठेवली जाते.

सोमवारी गृहयांत्रिक, ऑफिसला उशीर होत असल्याचे निमित्त सांगून, गाडी ढकलत गॅरेजवर नेतो. मेस्त्री लिव्हर एकदाच दाबून पाहतो, निपलवरचे पान्याचे ओरखडे न्याहाळतो आणि आपल्या व्यवसायातील सनातन प्रश्न विचारतो, “साहेब, याला आधी कुणी हात लावला होता?” त्यावर गृहयांत्रिक, नव्याकोऱ्या मुठींवरून अभावितपणे हात फिरवत, कोथरूडच्या एका गॅरेजवाल्याने, असे सांगतो, आणि हल्ली या लोकांवर विश्वास ठेवण्याची सोय राहिलेली नाही, असेही वर जोडतो.