समुद्र नसलेल्या शहरात किनाऱ्याचा महोत्सव कसा साजरा करावा

नागपूरला समुद्र नाही. एवढी मोठी उणीव, पण विदर्भाच्या अनुशेषाच्या कुठल्याच यादीत ती सापडत नाही आणि हिवाळी अधिवेशनात तिच्यावर कुणी लक्षवेधीही मांडत नाही. भरपाई म्हणून दरवर्षी पळसाची फुलं गळायला लागली, कूलरच्या टाकीत पहिलं पाणी पडलं, की कोकण आपण होऊन इकडे येतं. एखाद्या शाळेच्या मैदानावर किंवा मंगल कार्यालयात मांडव पडतो, कमानीवर नारळाची दोन झाडं आणि एक होडी रंगवलेली असते, आत पेट्यांच्या राशी लागतात. आंबा महोत्सव, कोकण महोत्सव, मालवणी जत्रा, फलक कुठलाही असो, कार्यपद्धती एकच. ती ठाऊक नसल्यामुळे चांगल्या शिकल्या-सवरल्या कुटुंबांची दरसाल फजिती होते, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी भूगोल उरकून घेऊ. नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईचा समुद्र नागपूरपासून सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास पडतो आणि आंध्रचा, म्हणजे काकीनाडा-विशाखापट्टणमकडचा, सहाशेच्या आत. शिवाय अंबाझरीच्या सांडव्यावरून निघालेलं पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, तिथून प्राणहितेला आणि मग गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. आपलं सांडपाणी ज्या समुद्रात जातं तो खरं म्हणजे आपला समुद्र. पण महोत्सव दुसऱ्या समुद्राचा भरवायचा असतो. ही बाब मांडवात मोठ्यानं बोलू नये, लोक अस्वस्थ होतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाल्यापासून कोकण दारात आलं आहे, असंही तिथं ऐकू येईल. मान डोलवावी. ७०१ किलोमीटर संपल्यावर भिवंडीजवळचं आमणे येतं आणि तिथून देवगड अजून चारशेच्या वर राहतं, हा तपशील घरी गेल्यावर आठवावा.

वेळ संध्याकाळी सातनंतरची धरावी. दुपारी जाणाऱ्याला गर्दी लागत नाही हे खरं, पण एप्रिलच्या दुपारी नागपुरात रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाकडे लोक काळजीनं पाहतात. डोक्याला दुपट्टा बांधून मांडवात शिरल्यास विक्रेता दचकतो, तेव्हा दारातच सोडावा. सोबत निदान एक असा नातेवाईक असावा जो पूर्वी पुण्यात किंवा मुंबईत राहिला आहे. हा इसम प्रत्येक स्टॉलपाशी ‘तिकडे हे असं मिळत नाही’ किंवा ‘तिकडे हे असंच मिळतं’ यांपैकी एक वाक्य बोलतो. दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच असतो, त्यामुळे वाद घालू नये.

आत शिरल्यावर थेट आंब्याकडे जाणं हे नवखेपणाचं लक्षण. पहिली फेरी चवीची. फणसपोळी, आंबापोळी, तळलेले गरे, काजू, आल्या-गुळातला खाजा, जे जे बशीत मांडलं आहे ते ते क्रमानं चाखावं, आणि प्रत्येक वेळी कपाळाला किंचित आठी घालून, जणू आपण घाऊक खरेदीला आलो आहोत असं, पुढं सरकावं. काजूच्या बशीपाशी एकदाच थांबायचं असतं. कुळथाचं पीठ हाती आलं की ‘हे कशाचं?’ असं विचारू नये, पाकिटावर लिहिलेलं असतं. सुक्या बोंबलाच्या आणि जवळ्याच्या स्टॉलपाशी शाकाहारी मंडळींनी नाकाला रुमाल लावण्याऐवजी चालण्याचा वेग वाढवावा. त्या बाईचा तो धंदा आहे आणि ती दोन दिवसांचा प्रवास करून आलेली असते.

आता आंबा. इथं भाव करायचा की नाही, हा महोत्सवातला सर्वांत अवघड प्रश्न. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ ‘उत्पादक ते ग्राहक’ अशी थेट विक्री शहरोशहरी घडवून आणतं, दलाल मध्ये नसतो, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळावेत हा उद्देश असतो, आणि हे सगळं आपल्याला मनापासून पटलेलं असतं. पटलेलं असूनही तोंडातून निघतंच :

“काहून जी भाऊ, लय सांगून राहिले तुम्ही!”

“काकी, आधी खावन तर बघा. अस्सल देवगडचो आसा.”

“ते दिसूनच राहिलं. पण दोन पेट्या घेतल्या तर कसे लावता?”

इथं विक्रेता हसतो आणि पेटीतला वरचा पेंढा बाजूला करतो. त्या हसण्याचा अर्थ असा, की दोन पेट्या म्हणून सुरू झालेला प्रत्येक सौदा शेवटी एका डझनावर येतो, हे त्याला देवगड सोडण्याआधीपासून ठाऊक आहे. तरीही काकूंनी सौदा पूर्ण ताकदीनं चालवावा. दोन पेट्यांवरून एक, एकीवरून अर्धी, मग ‘डझनच द्या, आधी पाहून घेतो’. या उतरणीत चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसता कामा नये. शेवटी वरती एक आंबा मागावा. तो मिळतो. तो मिळावा अशाच हिशेबानं भाव सांगितलेला असतो, आणि दोन्ही पक्ष समाधानानं वेगळे होतात.

खरा हापूस ओळखण्याची परीक्षा चारचौघांसमोर द्यावी लागते, म्हणून ती घरी घोटून जावं. फळ देठाकडून हुंगायचं. बुडाकडून हुंगणाऱ्याला विक्रेता लगेच ओळखतो आणि त्याला मागच्या पेटीतला माल काढून देतो. साल पातळ असावी, आणि नैसर्गिकरीत्या पिकलेलं फळ जरा सुरकुतलेलं असलं तरी चालतं. सगळी फळं एकसारखी पिवळीधमक, तुकतुकीत आणि वासाला मुकी असतील तर कार्बाइडची शंका घ्यावी. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला देशात बंदी आहे, इथिलीन वायूला मात्र १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, हे वाक्य पाठ असू द्यावं. ते बोलल्यावर आपल्याला कुणी अन्न व औषध प्रशासनाचं समजलं तर गैरसमज दूर करण्याची घाई करू नये. कर्नाटकातून येणारा हापूसही पेटीत असू शकतो आणि दिसायला तो सख्खा भाऊ. हल्ली पेटीवर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलवर स्कॅन करावा, मैदानावर नेटवर्क नसतं, मग विक्रेत्याच्या डोळ्यांत पाहून ठरवावं.

साका मात्र कुणालाच ओळखता येत नाही. बाहेरून फळ निर्दोष, आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. उन्हानं तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण सांगतात, म्हणून बागायतदार झाडाखाली गवताचं आच्छादन घालतात. या खोडीवर उपाय म्हणून कोकणातल्या कृषी विद्यापीठानं १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून आलेल्या रत्नात साका नाही. नीलम दक्षिणेचा. म्हणजे फळांच्या राजाचं दुखणं काढायला मद्रासकडची सोयरीक करावी लागली होती. मांडवात याही गोष्टीचा उच्चार टाळावा.

खाद्यपदार्थांच्या बाजूला गेल्यावर नागपूरकरांनी दोन गोष्टींचा संयम पाळावा. एक, सोलकढीला ‘गुलाबी मठ्ठा’ म्हणू नये. त्यात ताक नसतं, नारळाचं दूध आणि कोकमाचं आगळ असतं. दोन, मालवणी कोंबडी-वड्यांसोबत तर्री मागू नये. ज्याची जीभ सावजीच्या रश्शावर वाढली त्याला मालवणी रस्सा पाहुण्यासारखा सभ्य वाटणार, यात त्या रश्शाचा दोष नाही. ‘तिखट नाही’ हा अभिप्राय इथं निषिद्ध आहे, जरी तो प्रत्येक टेबलावर दिला जात असला तरी. सुरमईचा तुकडा ताटात आला की तो कुठून आला हे विचारण्याचा मोह होतो. बर्फातून आला. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांतले झिंगे त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचे आणि ढीवरांच्या हातचे असतात, पण त्यांच्या नावाचा मांडव अजून कुणी टाकलेला नाही.

पेटी घरी नेताना गाडीच्या डिकीत ठेवून मध्येच लग्नाला किंवा कपड्यांच्या दुकानात जाऊ नये. तापलेल्या डिकीत हापूस तासाभरात दोन दिवसांनी म्हातारा होतो. घरी आल्यावर कच्ची फळं वर्तमानपत्रात किंवा पेंढ्यात आढी घालून पलंगाखाली ठेवावीत, एकावर एक न रचता, आणि कूलरच्या थेट झोतात तर मुळीच नाही, ओल्या हवेनं फळ डागाळतं. रोज सकाळी एकानंच आढी पाहावी. घरातल्या चौघांनी चार वेळा दाबून पाहिलेला आंबा पिकत नाही, मऊ पडतो. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि फरक तिसऱ्या दिवशी कळतो.

इथून पुढे मार्गदर्शनाचा गाभा सुरू होतो, कारण विदर्भात आंबा कापून काट्यानं खाण्याची वस्तू नाही. आंबा म्हणजे रस. रस म्हणजे पाहुणे. जावई येतो, व्याही येतात, मोठ्या पातेल्यात रस, वरून तूप, सोबत कुरडया, भजे आणि सरगुंडे. सरगुंडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: कणकेची बारीक लांब वळी करून ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, काडी हलकेच ओढून घ्यायची, हाती राहते ती पोकळ वळ्यांची गुंडाळी. ती वाळवून ठेवतात. उकडून रसात सोडली की प्रत्येक वळ्याच्या पोटात रस जातो. हे काम उन्हात, सावलीचा कोपरा धरून, तीन-चार बायांनी गप्पा मारत करायचं असतं आणि त्यात महोत्सवातला एकही स्टॉल उपयोगी पडत नाही.

आता हिशेब करा. एका डझन हापूसाचा रस आठ माणसांना, त्यांतला एक जावई, किती पुरेल? पुरत नाही. हापूस अंगानं बेताचा, आणि त्याच्या पेटीची किंमत काकूंनी अजून काकांना पूर्ण सांगितलेली नाही. म्हणून नागपूरच्या स्वयंपाकघरांतून एक तोंडी चालत आलेली कृती इथं प्रथमच लेखी देत आहे. चार हापूस घ्यावेत. त्यांत कळमन्याहून किंवा कॉटन मार्केटातून आणलेले अडीच-तीन किलो बैगनफल्ली मिसळावेत. मिक्सरमधून एकदाच फिरवावं. हापूसच्या साली आणि कोयी ताटात, सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात, बैगनफल्लीच्या साली आधीच बाहेर टाकून याव्यात. वाढताना फक्त ‘देवगडचा आहे’ एवढंच म्हणावं. ते चार आंब्यांपुरतं खरं असतं. जावई दुसरी वाटी मागतो आणि म्हणतो, हापूस तो हापूसच.

हा बैगनफल्ली कोण? आंध्रातल्या बनगानपल्ले गावचा. कळमना यार्डात आंब्याच्या हंगामात जो माल उतरतो, त्यात आंध्र-तेलंगणाच्या गाड्यांचा वाटा मोठा. तोच रस सबंध विदर्भ पितो. त्याच्या नावानं मात्र कमान उभी राहत नाही. सरकारी दप्तरात ज्येष्ठता पाहायची झाली तर आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळालं, बनगानपल्लेला २०१७ मध्ये, आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये. सेवाज्येष्ठतेनं बसवायचं म्हटलं तर राजाला तिसऱ्या खुर्चीवर बसावं लागेल. याचा अर्थ हापूस कमी, असा नाही. चांगला पिकलेला देवगड हापूस एकदा खाल्ला की माणूस वादातून माघार घेतो, मी घेतलेली आहे. पण पाच डझनांच्या पेटीसाठी रांग लावणारे लोक, त्याच महिन्यात कळमन्यात हर्रासाला लागलेला मृग बहाराचा संत्रा दारावर आला तर किलोमागे पाच रुपयांवरून गाडीवाल्याला परत पाठवतात. हा संत्रा सालीला घट्ट आणि आंबिया बहारापेक्षा गोड असतो. त्याला काचेच्या पेटीत, पेंढ्यावर ठेवून, वर दिवा सोडला तर भाव करण्याची कुणाची छाती होणार नाही. संत्र्याचा जागतिक महोत्सव नागपुरात डिसेंबर २०१७ मध्ये झाला खरा, पण तो आंबिया बहाराचा हंगाम. मृगाचा संत्रा अजून कमानीची वाट पाहतो आहे.

अपवादही नोंदवला पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात बीजोत्सव भरतो. तिथं देशी बियाणं, विषमुक्त डाळी, ज्वारीचे नाना प्रकार घेऊन शेतकरी स्वतः बसलेले असतात. कमानीवर होडी नसते. तिथं भाव करणाऱ्याला शेतकरी शांतपणे पेरणीपासूनचा खर्च सांगायला लागतो, आणि तो संपेपर्यंत पैसे काढून दिलेले बरे.

तर निष्कर्ष असा. कोकणच्या मांडवात जरूर जा, एक डझन घ्या, वरचा एक सोडून द्या, त्या माणसाचा प्रवास लांबचा आहे. आणि मे महिना उतरताना, मांडव निघून गेल्यावर, खेड्यांतून हातगाड्यांवर गावरान आंबा येतो, शेप्या, गोटी, खोबऱ्या, शेंदऱ्या. त्याला पेटी नसते, कोड नसतो, डझनाचा भाव नसतो, किलोनं मिळतो. तो कापायचा नाही, हातात मऊ करून पिळायचा. जुन्या आमराया तुटत चालल्या आहेत, म्हणून या गाड्या दरवर्षी कमी दिसतात. पहिला पाऊस पडला की त्यात अळी होते, तेव्हा घ्यायचा असेल तर मृग लागायच्या आत घ्या आणि पिशवी घरून न्या.