फेसभाऊ

लग्नाच्या मांडवामागे, कनातीच्या आडोशाला भाताचं आधण चढलेलं असतं तिथे, एक माणूस उकिडवा बसून गॅसच्या नळीला साबणाचं पाणी चोपडत असतो. तो आचारी नसतो, नवरीचा मामा नसतो, गॅस एजन्सीचा तर नसतोच. त्याला कोणी बोलावलेलंही नसतं. तुमच्याही गावात तो असणारच. आमच्या मोहाडी तालुक्यात, करडीच्या पंचक्रोशीत जो आहे, त्याला आपण फेसभाऊ म्हणू.

भाऊंच्या खिशात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. तिच्यात पाणी आणि एक रुपयाच्या पुडीतला शाम्पू. (डोक्याला लावायला तो विकत घेतला असेल असं समजू नका, डोक्यावर केस नाहीत.) दुसऱ्या खिशात दाढीचा ब्रश. नळी जिथे रेग्युलेटरला मिळते तिथे ब्रश फिरवायचा, मग जिथे भट्टीला मिळते तिथे, आणि नाक लावून बघत बसायचं. बुडबुडा फुगला तर गळती. नाही फुगला तर भाऊंचा चेहरा किंचित पडतो.

"हालू नका जी. फेस पाहू द्या."

हे वाक्य मी वराती दारात असताना ऐकलंय, तेरवीच्या पंगती बसल्यावर ऐकलंय आणि एका पुढाऱ्याचं भाषण ऐन रंगात आल्यावर चहाच्या शेगडीजवळूनही ऐकलंय. सभेतली निम्मी माणसं मान वळवून फेस पाहू लागली. पुढारी त्या निवडणुकीत पडला. भाऊंचा त्यात हात नव्हता, पण ब्रश होता, असं आम्ही मानतो.

एका लग्नात आचाऱ्याने गळती शोधायला सरळ पेटती काडीच नळीजवळ नेली. म्हणाला, "मी बारा वर्सं झाली असाच पाहातो. कधी काई झालं नाई."

"एकडावच होते जी," भाऊ म्हणाले आणि काडीवर फुंकर मारली. पुरीचं तेल थंड, वरात दारात, आणि हे ब्रश घेऊन बसलेले. नवरीच्या बापाच्या तोंडाला त्या दिवशी नळीपेक्षा जास्त फेस आला होता.

वारा लागू नये म्हणून आपल्याकडे भट्टी खड्ड्यात मांडतात, वर चारी बाजूंनी कनात ताणतात. लाकडाच्या चुलीला ते ठीक. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. सुटला की वर जात नाही, खड्ड्यात जाऊन बसतो आणि ठिणगीची वाट पाहतो. भाऊ हे सांगतात तेव्हा गॅस म्हणजे त्यांचा एखादा आळशी भाचा असावा असं वाटतं. "बसते लेकाचा खाली. उठवलं तरच उठते. मंग सगळ्याइले उठवते." त्यांनी कनातीची एक बाजू उचलायला लावली, त्या बाजूने एक कुत्रं आत शिरलं आणि बुंदीच्या परातीपर्यंत पोहोचलं. बोलणी भाऊंनी खाल्ली, बुंदी कुत्र्याने.

त्यांचा खरा हंगाम मात्र मंडईचा. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक नाहीतर दंडार, आणि दिवसभर भजे, आलूबोंडे, जिलेबी. या भट्ट्या उन्हाळ्यातली लग्नं उरकली की पावसाळाभर कोठ्यात पडून असतात. तेवढ्यात कुंभारमाशी बर्नरच्या नळीत मातीचं घर बांधून मोकळी होते. दिवाळीनंतर कोणी काडी लावतो. गॅसला पुढे वाट नाही, म्हणून तो मागे पेटतो, चावीपाशी. एका दुकानदाराच्या हाताचे केस असेच जळाले. भाऊंनी भट्टी बंद करवली, गार होऊ दिली, तारेने नळीतली माती आणि सुकलेल्या अळ्या काढल्या, आणि तळहातावर घेऊन भजे खाणाऱ्या गिऱ्हाइकांना एकेक करून दाखवल्या. दुकानदाराचा जीव वाचला. धंदा त्या दिवशी वाचला नाही.

आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांचा, त्यामुळे पितळी बर्नर काळा दिसला की भाऊंना घराण्याची अब्रू गेल्यासारखं होतं. गरम पाण्यात चिंच कोळून रात्रभर बुडवा, सकाळी घासा, भोकं सुईने मोकळी करा, आगपेटीच्या काडीने नको, ती आत मोडते. ज्योत पिवळी पडून पातेल्याचं बूड काळं होत असेल तर आचाऱ्याला नाही, बर्नरला शिव्या द्या. हे सगळं ते न विचारता सांगतात.

थंडीत जोरात भट्टी चालली की सिलिंडरवर दहिवर धरतं, गॅस मंदावतो. मग कोणी तो आडवा पाडतो, कोणी उकळतं पाणी ओततो. आडवा पाडला की वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत येतो, आणि बाहेर पडल्यावर तो अडीचशे पट फुगतो. अशा वेळी भाऊ सिलिंडरला मिठी मारून उभे राहतात. मंडईतल्या दुकानात घरगुती लाल सिलिंडर वापरणं कायद्याने बंद, तिथे १९ किलोचा निळा हवा. मी एकदा तसं म्हटलं. भाऊ म्हणाले, "कायदा मंग पाहू, आंधी फेस पाहू."

हा माणूस असा का झाला, याचा मी शोध घेतला. एखादी जुनी दुर्घटना असेल, कोणी जवळचं भाजलं असेल, म्हणजे मला लिहायलाही बरं झालं असतं. सरळ विचारलं. "नाई जी, तसं काई नाई," भाऊ ओशाळून म्हणाले, "मले आवडते."

मग त्यांच्या घरी गेलो. वहिनींच्या नावावर उज्ज्वला योजनेचं कनेक्शन, २०१६ ला योजना आली त्यानंतर मिळालेलं. शेगडी अशी लखलखीत की तोंड पाहावं. बर्नर चिंचेने घासलेले, नळी कोरी. पाच वर्षं व्हायच्या आधीच बदललेली. आणि चहा आला तो अंगणातल्या चुलीवरून, धुराचा वास घेऊन. वहिनी फुंकणीने जाळ करत होत्या, डोळे पुसत होत्या. सिलिंडर भरून आणायचे पैसे दर वेळी कुठून आणायचे? भाऊंनी ते बोलून दाखवलं नाही. "पाहुणे आले त पेटवतो," एवढंच म्हणाले.

"मग मी कोण?"

"तुमी कुठं पाहुणे जी!"

आणि खिशातून बाटली काढून, न पेटणाऱ्या त्या शेगडीच्या नळीवर त्यांनी ब्रश फिरवला. फेस आला नाही. येणार कुठून? मला त्या माणसाचा राग धरून ठेवणं तेव्हापासून जड जातं, हे नाइलाजाने लिहितो.

तर मंडईत भजे घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, नळी कधी बदलली. "आठवत नाई" म्हणाला तर पुढे चला, पुढच्या दुकानातले भजेही गरम असतात. आणि गॅसचा वास आलाच तर आधी चावी बंद करा, काडी ओढू नका, बाजूला होऊन १९०६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो. भाऊंचा फोन लागत नाही, त्यात शाम्पू गेला आहे.