गणपतीमागची चमचमती भिंत : एक सुबोध कृती

प्रस्तुत मार्गदर्शन यंदा गणपतीच्या मागची भिंत ‘घरीच’ सजवायचं ठरवलेल्या कुटुंबांसाठी आहे. तयार मखर आणणाऱ्यांनी पान उलटावं. त्यांचं सगळं वेळेवर होतं, त्यांना मार्गदर्शनाची गरज नसते.

आधी उद्दिष्ट स्पष्ट करून घ्यावं. भिंत सुंदर दिसणं हे दुय्यम. दर्शनाला आलेल्या पाहुण्याने तोंडात मोदक असताना “हे घरी केलंत?” असं विचारावं आणि यजमानांनी “छे हो, वेळ कुठे होता, आपलं असंच काहीतरी” असं म्हणावं, हे मुख्य. पुढची सगळी कृती या एका संवादासाठी आहे.

१. विषय ठरवणे

यासाठी घरातल्या सर्वांची बैठक बोलवावी. बैठक चांद्रयानापासून सुरू होते, केदारनाथ आणि पंढरपूर करत रात्री साडेदहाच्या सुमारास मोरावर येते. वेळ वाचवायचा असल्यास थेट मोरच घ्यावा. पिसाऱ्यात एकच आकार पुन्हा पुन्हा कापायचा असतो, त्यामुळे घरात रिकामा दिसेल त्याला कामाला बसवता येतं. शिवाय अष्टविनायकांतला पहिला गणपती मोरगावचा मयूरेश्वर, म्हणजे आजी “गणपतीमागे मोर कशाला?” म्हणाल्याच तर शास्त्राधारही तयार.

२. साहित्य

थर्माकोलचं नाव काढू नये. 23 मार्च 2018 च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. “आमच्याकडे जुना आहे” हे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा आणि पुठ्ठा घ्यावा. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. त्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवताना एकातल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्यातल्या आडव्या येतील असं बघावं, म्हणजे मोर वाकत नाही. पुढून रंगीत कागद लावला तर मागूनही एक कागद लावावा. एकाच बाजूचा कागद वाळताना पुठ्ठ्याला ओढतो आणि सकाळी मोराची होडी झालेली असते.

आता चमकी. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन, रंगवून कापलेले कण. ते बहुधा षटकोनी असतात, कारण त्या आकारात कापताना फिल्म वाया जात नाही. हे सूक्ष्म प्लास्टिकच असल्यामुळे युरोपीय संघाने 2023 च्या ऑक्टोबरपासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले. म्हणून चमकी मोराच्या मानेपुरती ठेवावी. पिसाऱ्यातल्या डोळ्यांना आभले आणि बेगड लावावं. ते जास्त लखलखतं आणि पडलं तर उचलता येतं.

३. खरेदी

पुणेकरांनी बोहरी आळी नाहीतर तुळशीबाग गाठावी, मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केट. दिव्यांच्या माळांसाठी लोहार चाळ. यादी करावी. ती घरीच राहते, पण करावी. सोनेरी लेस लागेल त्याच्या दुप्पट आणली जाते आणि फेव्हिकॉल “घरात आहे” म्हणून आणला जात नाही. घरात असतो तो डबा. फेव्हिकॉल नसतो.

४. प्रत्यक्ष कृती

जमिनीवर वर्तमानपत्र अंथरावं. जुनंच असावं, नाहीतर बाबा मोराखालचा अग्रलेख वाचायला बसतात. एका वेळी एकच रंग घ्यावा. ब्रशने फेव्हिकॉलचा पातळ हात द्यावा. जाड थरात चमकी बुडते आणि मंद दिसते. लगेच चमकी भुरभुरावी, पुठ्ठा उभा करून मागून टिचक्या माराव्यात आणि सांडलेली चमकी वर्तमानपत्राची घडी करून परत डबीत ओतावी. हा थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या रंगाला हात लावू नये.

इथे भाद्रपद आडवा येतो. फेव्हिकॉल त्यातलं पाणी उडून गेल्यावर सुकतो आणि बाहेर पाऊस असताना पाणी उडायला राजी नसतं. म्हणून हे काम हरतालिकेच्या रात्रीवर ठेवू नये. मराठी घरांत ते हरतालिकेच्या रात्रीच होतं, ही गोष्ट वेगळी.

चमकी उघडी असताना पंखा बंद ठेवावा आणि बटणापाशी विश्वासू माणूस बसवावा. “काय उकडतंय!” म्हणत आत येणाऱ्या व्यक्तीला हा माणूसच रोखू शकतो.

५. सफाई बेताची ठेवणे

काम जमू लागलं की स्वतःला आवरावं. मोर फार सुबक झाला तर पाहुणे “कुठून आणलात?” असं विचारतात आणि सगळी मेहनत वाया जाते. दोन पिसं किंचित तिरकी हवीत. खालचा एक कोपरा घरातल्या सर्वांत लहान मुलाला पूर्ण अधिकारांसह द्यावा. कौतुक त्याच कोपऱ्याचं होणार आहे.

६. भिंतीवर चढवणे

डबल टेप भिंतीचा रंग घेऊनच निघते. भाड्याच्या घरात हा खर्च डिपॉझिटमधून जातो. त्यापेक्षा पडद्याच्या दांडीला सुतळीने मोर टांगावा. दिवा मोराच्या मागे लावला तर चमकी काळी दिसते. बाजूने, तिरका प्रकाश पडू द्यावा. आणि एक सूचना गंभीरपणे: पुठ्ठा, लेस आणि चमकी तिन्ही पेटतात. समई आणि निरांजन सजावटीपासून हातभर दूर, मोकळ्या जागी ठेवावं. आरतीचं तबक ओवाळणाऱ्यालाही मोर कुठे आहे ते आधी दाखवून ठेवावं.

७. आवराआवर

झाडूने चमकी गोळा होत नाही, फक्त तिची बदली होते. कणकेचा ओला गोळा जमिनीवर फिरवावा, चमकी त्याला चिकटते. हा गोळा कुणाच्याही नजरेआड होऊ देऊ नये. स्वयंपाकघरात मोदकांची गडबड असते आणि कणीक ही कणीकच दिसते. फडकं मोरीत पिळू नये, कारण मोरीतली चमकी नदीपर्यंत जाते. उरलेली चमकी बरणीत घट्ट झाकावी. शेजाऱ्यांना देऊ नये. ते घेतात आणि मग ती दाराखालून परत येते.

८. विसर्जन

गणपती दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, पाण्यात फक्त मूर्ती जाते. पुठ्ठा, लेस, माळा, आभले काहीही सोबत सोडू नये. मोर खाली उतरवावा, जुन्या चादरीत गुंडाळावा आणि माळ्यावर टाकावा. पुढच्या वर्षी बैठक पुन्हा चांद्रयानापासून सुरू होईल आणि मोरच ठरेल. तेव्हा तो मोडू नका.