झाड डिंक ओकतं तेव्हा

२०१२ साली गेम-डिझायनर टिम शेफर यांनी किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर झोळी पसरली: जुन्या वळणाचा साहसी गेम करतो, चार लाख डॉलर द्या. चाहत्यांनी तेहतीस लाखांहून जास्त ओतले. एवढ्यात काय झालं? अर्धा गेम. पैसे पुरेनात, म्हणून ‘ब्रोकन एज’चे दोन तुकडे पडले. उत्तरार्ध उगवला तो थेट २०१५ च्या एप्रिलमध्ये.

पूर्वार्ध लोभस आहे, नाही म्हणवत नाही. नायिका व्हेलासारख्या पोरींना नटवून राक्षसापुढे ठेवतात आणि घरच्यांना त्याचा कोण अभिमान! नायक शेच्या अवकाशयानात चमचा बोलतो. बोलक्या झाडाला लाकडी स्टूल दाखवलं की ते भडभडून डिंक ओकतं. पुढे मात्र शे आणि व्हेला जागा बदलून त्याच गल्ल्या पुन्हा तुडवतात. गंमत आटते, कोडी फुगतात. यंत्राच्या तारा कशा जोडायच्या हे तिला हवं, खूण त्याच्या बाजूला. दोघांची धड भेटही नाही. तिला कळलं कसं? ते विचारायचं नसतं, भाबडेपणा म्हणतात त्याला.

खरी रंगली ती गेम कसा रखडला हे दाखवणारी माहितीपट-मालिका. तीही त्याच वर्गणीतून.