पिवळा लाव्हा

तालुका विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जायचं, तर नाकाला व्हिनेगरची सवय हवी. सहावी ते आठवीच्या गटात शिरलं की आधी वास येतो, मग ज्वालामुखी दिसतो. त्याच्या शेजारी दुसरा.

वर्तमानपत्राचा लगदा, तपकिरी रंग, पायथ्याशी प्लास्टिकचे डायनासोर आणि पोटात खायचा सोडा. वरून व्हिनेगर ओतलं की कार्बन डायऑक्साइड फसफसत वर येतो आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. हे सगळं चालतं ती जमीनच मुळी लाव्हाची! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीच्या भेगांतून. थरावर थर आडवा पसरत गेला, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. (डायनासोर तेवढे काळाला धरून आहेत, तेही चुकून.) पण फळीला चीर पाडून आणली तर विज्ञानाच्या बाईच विचारणार, "अरे, प्रकल्प कुठाय?"

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि धरणं पुठ्ठ्याची झाली. पुठ्ठ्याचं धरण पाणी लागलं की फुगतं. म्हणून जलविद्युत प्रकल्पात आता पाणी सोडत नाहीत. दिवा लागतो, पण सेलवर.

"हे कुणी केलं?" असं विचारायची पद्धत आहे. उत्तर ठरलेलं: "मीच, सर." मागे उभ्या असलेल्या बाबांच्या बोटांवर वाळलेला फेव्हिकॉल असतो, तिकडे परीक्षकाने बघायचं नसतं. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष, सगळं तोंडपाठ. मध्येच प्रश्न विचारला, तर गाडी परत "आदरणीय परीक्षक महोदय"पासून सुटते. निष्कर्ष तर घरून निघतानाच रंगीत अक्षरांत छापून आणलेला.

यंदा मात्र सातवीतल्या एका पोराच्या ज्वालामुखीने दगा दिला. लाव्हा आला तो पिवळाधमक, पिठल्यासारखा. पोराचं तोंड पडलं. बाबा पुढे सरसावले.

"सर, लालच होता. खायचा रंग संपला म्हणून आईच्या करंड्यातलं कुंकू घातलं होतं."

"कुठलं कुंकू?"

"घरचंच. ती अजून स्वतः करते, हळदीत चुना घालून."

आता मला राहवेना. हळद अल्कात लाल होते, आम्लात पुन्हा पिवळी. चुन्याने लाल झालेल्या हळदीवर व्हिनेगर पडल्यावर दुसरं काय होणार? अख्ख्या हॉलमध्ये निष्कर्ष आधी न ठरलेला हा एकच प्रयोग होता. मी पोराला म्हटलं, "आता हा परत लाल करून दाखव."

त्याने बाबांकडे बघितलं नाही. थोडा लाव्हा पेल्यात घेतला, उरलेला सोडा चमच्याने टाकत राहिला. फेस यायचा थांबला, तरी रंग नारिंगीच्या पुढे सरकेना. मग पोरगा थेट हात धुवायच्या मोरीवर पळाला आणि कपड्याच्या साबणाची वडी घेऊन आला. साबण घोळल्यावर रंग लालसर व्हायला लागला. भोवती गर्दी जमली. शेजारच्या ज्वालामुखीचा मालक आपला शंकू वाऱ्यावर सोडून बघायला आला.

मौलिकतेच्या रकान्यात मी त्याला पैकीच्या पैकी दिले. मांडणीच्या रकान्यात दुसऱ्या परीक्षकांनी ते सगळे वसूल केले, कारण टेबलक्लॉथ पिवळा झाला होता आणि साबण साहित्याच्या यादीत नव्हता. पहिला नंबर सेलवरच्या धरणाला गेला.

बाबा कोपऱ्यात फोनवर होते. "आई, तुझं कुंकू भेसळीचं निघालं. चारचौघांत पिवळं पडलं!"

पलीकडून आलेला आवाज दारापर्यंत ऐकू गेला. "मेल्या, अस्सल आहे म्हणूनच पडलं! बाजारचं घालून बघ, हलतंय का. आणि माझा करंडा कुणाला विचारून नेलास?"