स्थळ चांगलंय, पण...

(टेबलावर वह्यांचा ढीग, बाजूला शेंगाचटणीची बरणी. काकू चष्मा पुसतायत. फोन वाजतो.)

हॅलो! हां, वधूवर सूचक केंद्र, सोलापूर. बोला की ओ! डॉक्टरच पाहिजे? बरं. स्वतःचा फ्लॅट. डोक्यावर कर्ज नको. सासू... तीपण नको? (प्रेक्षकांना) ह्यांना जावई नको, रिकामा फ्लॅट पाहिजे!

(फोनवर) आहे की एक. अस्सल सोलापूरचा. भैय्या चौकात घर, लोक अजून बघायला येतात! द्वारकानाथ कोटणीस. मुंबईच्या जी. एस. मेडिकलचा डॉक्टर. परदेशात असतो... (फोन कानापासून लांब धरते) अहो, हळू नाचा!

कुठं म्हणजे? चीनला. पॅकेज? कसलं ओ पॅकेज! जपाननं हल्ला केलाय तिकडं. १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यातला हा एक. पुढच्या पदवीचा अभ्यास चालला होता, ती पुस्तकं मिटली अन् निघाला.

परत? बाकीचे चौघे आले की. हा थांबला. चिनी शिकला. १९४० च्या एका लढाईत बहात्तर तास जखमींवर ऑपरेशनं केली म्हणतात. नाही ओ, ओव्हरटाइम नाही मिळाला! पुढं तिथल्या बेथ्यून हॉस्पिटलचा प्रमुख झाला.

लग्न? केलं की परस्पर. क्वो छिंगलान, तिथलीच नर्स. पत्रिका नाही, मानपान नाही. माझी फी बुडाली ती बुडालीच!

आता वय? (थांबते) बत्तीस. त्याच्या पुढं गेलंच नाही. ९ डिसेंबर १९४२ ला वारला. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता.

(फोनकडे बघत) ऐकलालाय का? "नाव चांगलं काढलं, पण आमच्या पोरीला नको." होय की! शांतारामबापूंनी त्याच्यावर पिक्चर काढला की टाळ्या वाजवायच्या, अन् तसलाच पोरगा बघायला आला की त्याची सॅलरी स्लिप मागायची.

बरं, जिवंत स्थळ सांगू? (वही उघडते) मुंबईला इंटरव्ह्यू होता पोराचा. स्टेशनवर एका म्हाताऱ्याला चक्कर आली. ह्यानं रिक्षात घालून सिव्हिलला नेलं, घरचे येईस्तोवर बसून राहिला. इकडं सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटली, तिकडं नोकरी गेली. तेव्हापासून प्रत्येक स्थळाकडून एकच निरोप: "मुलगा व्यवहारी नाही." अहो, म्हाताऱ्यानं पण व्यवहार बघूनच चक्कर यायला पाहिजे होती! आधी विचारायचं, "बाळा, तू सेटल झालास का? मग पडतो."

हॅलो? ठेवला बघा!

(वही मिटते. फोन पुन्हा वाजतो.)

कोण? मुलगी? आई कुठंय? देवापुढं? बरं झालं, बोल. काय म्हणलीस? गाडी चुकलेल्याचा नंबर?

(घाईघाईनं वही उघडते) घे लिहून! अन् एक सांगते पोरी. पहिल्या भेटीला तो उशिरा आला तर चिडू नकोस. वाटेत कुणाला तरी चक्कर आली असंल बघ!

(अंधार.)